काढ्याचा आळ

इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीत शिरलो तोवर मंजुळाबाईंच्या टाचेला फोड आला होता. मी म्हटलं, "चपला घाला आता. देव काही बघत बसलेला नाही." त्या म्हणाल्या, "देव न्हाई बघत, पण मी बघते की." चपला त्यांच्या हातातल्या पिशवीत होत्या, नारळाच्या खाली.

आम्ही नाणेकरवाडीहून उजाडायच्या आधी निघालो होतो. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात जायचं होतं. संकष्टी होती, दोघींना उपास. नवस त्यांचा होता, मी नुसती सोबतीला. अनवाणीही त्याच होत्या. मला त्यांनी तसं चालू दिलं नाही. म्हणाल्या, दुसऱ्याच्या नवसात पाय भाजून घेतले तर पुण्याची वाटणी करावी लागते.

मोशीत एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याने त्यांचे पाय बघितले.

"मावशी, अनवाणी कुठं?"

"चिंचवडला. नवस हाय."

"कशाचा?"

"नातू झाला."

"मग पेढे कुठायत?"

"येताना देते."

"येताना तुम्ही बसमध्ये बसून झोपणार. मला कशाला पेढे मिळतायत."

चहा संपवून निघालो. थोडं पुढं गेल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, "खोटं बोलले मी त्याला. नातवाचा नवस न्हाई."

"मग कशाचा?"

त्यांनी मागं-पुढं बघितलं. शेजारून कंटेनर चालले होते, त्यांच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार होतं. तरी त्यांनी पदर तोंडाशी धरला. "वर्षालीला लघवी झाली की चालत येईन, आसं म्हणले व्हते. देवाशी आसं बोलतंय का कुणी? पण त्या टायमाला दुसरा शब्दच सुचंना."

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग त्यांचं हसणं एकदम थांबलं.

मंजुळाबाई आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. हे काही त्यांचं खरं नाव नाही, इथली सगळीच नावं मी बदलली आहेत. मूळच्या बीडकडच्या. नवऱ्याबरोबर चाकणला आल्या, नवरा गेला तरी गावी परतल्या नाहीत. एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. त्यांची सुट्टी असली की कामगारांना पहिल्या घासाला कळतं, असं तिथली माणसं सांगतात. त्यांना दोन मुली. थोरली वर्षाली तळेगावला दिलेली. जावई नवनाथ एका गोदामात सुपरवायझर आहे. धाकटी दीपमाला शिकून इथंच एका ऑफिसात लागली, आणि आता तिला स्थळं येऊ लागली आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने वर्षाली आईकडे आली. दवाखान्यात सगळं नीट झालं, मुलगा झाला, घरी आणलं. एका खोलीतच मंजुळाबाईंनी कोपरा केला, दाराला जाड पडदा लावला, खाटेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली. आणि रोज काढा. सुंठ, बाळंतशेपा, ओवा, खारीक, गूळ. त्याचा वास सगळ्या चाळीत जायचा. येता-जाता बायका म्हणायच्या, आम्हालाही एक कप द्या, आमचीही कंबर धरलीय.

पाचवीला सटवाईची पूजा केली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. मीही कुंकू लावायला गेले होते. वर्षालीचं तोंड मला भरल्यासारखं दिसलं. मी म्हटलं, माहेर मानवलं गं तुला. तिच्या आईलाही तसंच वाटलं. ते भरलेलं नव्हतं, सुजलेलं होतं.

वर्षालीने आईला सांगितलं होतं, लघवीच नीट होत नाही. मंजुळाबाई म्हणाल्या, अंगात ऊब लागली की होईल, आणि काढा आणखी एकदा दिला. संध्याकाळी नवनाथचा फोन यायचा. "कशी आहे?" "बरी हाय. जरा सुस्त हाय." याच्यापुढं त्यांना बोलता येईना. जावयाशी लघवीचं कसं बोलायचं? मी भिंतीपलीकडे होते, मलाही त्यांनी सांगितलं नाही. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेव्हाही माझ्याकडे न बघता.

एका सकाळी वर्षालीला उलट्या सुरू झाल्या, दम लागायला लागला, अंग पांढरंफटक. मी रिक्षा बोलावली. चाकणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कळलं की दोन्ही किडन्या बंद पडल्यात. डायलिसिस सुरू झालं.

नवनाथची आई, शालनबाई, तळेगावहून आली. तिने पहिला प्रश्न विचारला, बाळंतिणीला काय काय दिलं. मंजुळाबाईंनी सांगितलं. शालनबाई दवाखान्यातून तडक आमच्या चाळीत आली, मागोमाग आम्ही दोघी. तिने ओट्यावरचं काढ्याचं पातेलं उचलून सगळ्यांसमोर गटारात ओतलं.

"धडधाकट पाठवली व्हती माजी सून. काय पाजलंस तिला?"

मला वाटलं मंजुळाबाई उलट बोलतील, तोंडाच्या तशा तिखट आहेत. पण शालनबाई म्हणत होती तेच त्यांच्याही मनात होतं. त्यांनी गटाराशी पडलेलं पातेलं उचललं, नळाखाली धरलं आणि घासत राहिल्या.

दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरीणबाई होत्या. तरुणच, पण बोलायला सावकाश. त्यांनी काढ्यातली एकेक वस्तू पुडीत बांधून आणायला सांगितली. मंजुळाबाईंनी पुड्या टेबलावर मांडल्या. एक पुडी सुटून शेपा सांडल्या. बाईंनी सगळं बघितलं, किती घालता, बाजारातलं आणखी काही चूर्ण दिलं का, असं विचारलं. नंतर रक्ताचे बरेच रिपोर्ट आले, तेव्हा त्यांनी आम्हाला आत बोलावलं. नवनाथ, मंजुळाबाई आणि दाराशी मी.

"हे काढ्याने झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी मान वर केली.

बाईंनी समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. ती आपल्याच बाजूची. बाहेरचा जंतू शिरला की एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून जंतूला भोकं पाडून मारायचं. काम झालं की त्यांना थांबवणारीही प्रथिनं असतात. वर्षालीच्या रक्तात ती थांबवणारी बाजू कमी पडते. एरवी निभावून जातं. बाळंतपणासारखं काही झालं की ते जागं होतं आणि थांबत नाही. जंतू नसला तरी आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला मारत सुटतं. तिथं गुठळ्या होतात. किडनी म्हणजे अशा बारीक नळ्यांचं जाळंच, म्हणून ती आधी बंद पडते.

नवनाथ म्हणाला, "म्हणजे आमच्या गोदामात झालं होतं तसं, मॅडम. एका कोपऱ्यात ठिणगी पडली, छताचे फवारे सुरू झाले. आग मिनिटात विझली, पण व्हॉल्व्ह बंदच होईना. माल आगीने नाही गेला, पाण्यानेच गेला."

"तसंच," बाई म्हणाल्या. "आता आपण तो व्हॉल्व्ह बंद करायच्या मागे आहोत. तिच्या रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, काढून दुसऱ्यांचा घालतोय. त्यात थांबवणारी प्रथिनं असतात." मग त्यांनी विचारलं, "हा दोष पुष्कळदा घराण्यात असतो. आईकडून किंवा वडिलांकडून. तुमच्याकडे कुणाला असं झालं होतं? बाळंतपणात सूज येऊन, लघवी बंद होऊन कुणी गेलं?"

"न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या. प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाल्या.

मग पुष्कळ दिवस गेले. नवनाथच्या कंपनीतली पोरं रक्तपेढीत जाऊन आली. एका दुपारी नर्सने खाटेला लावलेली पिशवी उचलून दाखवली, तळाशी पिवळं पाणी होतं. मंजुळाबाईंनी त्या पिशवीला हात जोडले. नर्स हसायला लागली. हळूहळू डायलिसिस बंद झालं. किडन्या पहिल्यासारख्या नाहीत, गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, आणि पुढच्या मुलाचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही असं बजावलंय. पण वर्षाली घरी गेली. तळेगावच्या घरी.

ती जायच्या दिवशी नवनाथने मंजुळाबाईंना जिन्याशी गाठलं. मी पिशव्या घेऊन मागेच होते. तो म्हणाला, "मामी, डॉक्टर काय बोलल्या ते आमच्या आईला सांगू नका. पोरीच्या रक्तातच दोष आहे म्हटलं तर ती वर्षालीला जगू देणार नाही." त्याची मान खाली होती.

मंजुळाबाई म्हणाल्या, "मी कशाला सांगू, नवनाथराव. काढ्याचंच राहू द्या."

त्यालाही ते बरं वाटलं असं नाही. पण तो नको म्हणाला नाही.

बारसं तळेगावला झालं, उशिराच. मंजुळाबाई बाळंतविडा घेऊन गेल्या, बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा. शालनबाईने बाळाचं अंगडं-टोपडं घेतलं, वर्षालीची साडी घेतली, आणि डबा मात्र तसाच परत त्यांच्या मांडीवर ठेवला. "ह्यो राहू दे तुमच्यापाशीच. आमच्या सुनेला आता तुमच्या हातचं काय बी नगं." सगळ्या बायका ऐकत होत्या. वर्षालीने पाळण्याची दोरी हातात धरून खाली बघितलं. नवनाथ पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेला.

शिफ्टभर माणसं ज्या हातचं खातात, त्या हातचं लेकीच्या घरी चालेना.

तो डबा त्यांनी माझ्या घरी आणून दिला. पोरांना द्या म्हणाल्या. पोरांनी खाल्ले, मीही एक खाल्ला. लाडू इतके चांगले झाले होते की मला लाज वाटली.

मी त्यांना तेव्हाही म्हटलं होतं, तुमची काही चूक नाही, मग गप्प का बसता? त्या धुणं पिळत होत्या, पिळत राहिल्या.

नवसाच्या त्या दिवशी भोसरी मागे टाकून, लांडेवाडीवरून पिंपरीकडे वळलो, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मंजुळाबाई रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालत होत्या. मोठ्या दवाखान्याचं फाटक दिसलं आणि त्या थांबल्या. मला वाटलं फोड फुटला.

"सुमनताई, मी हितं खोटं बोलले व्हते."

"कुणाशी?"

"डॉक्टरीणबाईशी. त्यांनी इचारलं, घरात कुणाला आसं झालं व्हतं का. मी न्हाई म्हणले."

फाटकाशेजारी शहाळीवाला होता, त्याच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण, अंबुबाई. त्या तिला अंबाक्का म्हणायच्या. पहिला मुलगा ठीक झाला. दुसऱ्या वेळी माहेरी आली, बाळंत झाली, आणि थोड्या दिवसांत तोंड सुजलं, पाय सुजले, लघवी बंद झाली. मंजुळाबाई तेव्हा परकर-पोलक्यातली मुलगी होती. बाळंतिणीच्या खोलीत तिला येऊ द्यायचे नाहीत, पण खिडकीतून दिसायचं.

"तोंड आसं झालं व्हतं की अंबाक्का वळखू येईना. त्यातच गेली ती. गावानं म्हणलं, बाहेरचं लागलं. तिची सासू म्हणली, आईनंच काहीतरी खायला घातलं. माझ्या आयनं मरंस्तोवर ऐकून घेतलं ते. आमी बी मनातनं तेच धरून बसलो. मी बी."

"मग डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलं?"

"बाजूला नवनाथराव बसले व्हते की. म्हणलं, ह्यांना कळलं तर म्हणतील, वाळवी लागलेल्या घरातली पोरगी आणली. जीभच उचलली न्हाई." त्या फाटकाकडे बघत होत्या. "आन् आता नवस फेडाया निघाले. देवापुढं काय तोंड घेऊन उभी राहू?"

मी म्हटलं, "आत जाऊ या?"

त्यांनी पाय पदराने पुसले आणि निघाल्या.

बाहेरच्या पेशंटना तपासायचा दिवस होता. खूप गर्दी होती. आम्ही कितीतरी वेळ बाकावर बसलो. दोनदा त्या म्हणाल्या, जाऊ द्या, आज न्हाई. दोनदा मी जागची हलले नाही. आत गेल्यावर बाईंनी ओळखलं. "वर्षालीच्या आई ना? काय झालं?" मग त्यांचं लक्ष पायांकडे गेलं. मंजुळाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, अंबाक्काचं, सुजेचं. लघवीचा शब्दही म्हणाल्या, स्पष्ट. बाई लिहून घेत होत्या. किती दिवसांनी सूज आली, ताप होता का, आणखी कुणी, असं विचारत होत्या.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "यात तुमची चूक नाही. नाकडोळे जसे घरात येतात तसं हे येतं. आणि आलं म्हणजे प्रत्येकीला त्रास होतोच असं नाही. तुमची दोन बाळंतपणं झाली, तुम्हाला काही झालं का?"

"म्हणजे माझ्यातनंच आलं."

"बहुतेक तुमच्या बाजूने आलेलं दिसतं. धाकटी मुलगी आहे ना तुम्हाला? तिला हे माहीत पाहिजे. घाबरवू नका, पण माहीत पाहिजे. एकदा माझ्याकडे आणा, तपासणी करू. आणि पुढे दिवस राहिले तर पहिल्यापासून लक्ष ठेवता येतं. सूज आली, लघवी कमी झाली, की त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी, बरं का."

'त्याच दिवशी' हे त्यांनी चांगुलपणानेच म्हटलं. मंजुळाबाईंनी मात्र मान खाली घातली. आपण किती दिवस घालवले ते त्यांना आठवलं असणार.

"जावयाला सांगणार का तुमी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बहिणीचं मी कुणाला सांगणार नाही. पण मुलींना तुम्ही सांगा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झालं ना? डोक्यावरचं ओझं उतरलं." मला वाटलं होतं की त्यांना हलकं वाटेल.

त्या म्हणाल्या, "काढ्याचं बरं व्हतं, सुमनताई. काढा बंद केला की संपलं. हे कसं बंद करायचं?"

मी देवाधर्माचं करते, पोथी वाचते, कुणी दुःखात असलं की चार शब्द बोलता येतात मला एरवी. त्या दिवशी एकही आला नाही. आम्ही पिंपरीच्या बाजारातून चालत राहिलो. दुकानदार ओरडून साड्या दाखवत होते. एकाने मंजुळाबाईंना हाक मारली, "या मावशी, लग्नाचा बस्ता बघा." त्या थांबल्या, त्याच्याकडे बघितलं आणि पुढं झाल्या.

चिंचवडगावात पोचलो तेव्हा मंदिराबाहेर संकष्टीची रांग लागलेली होती. पवनेच्या पाण्यात पाय धुतले. फोड फुटून माती आत गेली होती, मी रुमालाने साफ केलं, त्या "आगं आगं" करत राहिल्या. गाभाऱ्यासमोर आमची पाळी आली. मी नेहमीसारखं मनातच म्हटलं. मंजुळाबाई मात्र हात जोडून, चांगल्या ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लघवी झाली, देवा. आले मी." पुढची कॉलेजची मुलगी वळून बघायला लागली. पुजाऱ्यांनी नारळ घेतला. मंजुळाबाईंचं लक्षच नव्हतं.

मग घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. चंद्राला वेळ होता. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या, घातल्या नाहीत, नुसत्या शेजारी ठेवल्या.

"येत्या ऐतवारी दीपीला बघायला येणार हायती," त्या म्हणाल्या. "राजगुरुनगरची माणसं. चांगली हायती म्हणतात."

"मग?"

"आज-उद्याच सांगाया पायजे तिला. ती लोकं यायच्या आधी." त्या नदीकडे बघत होत्या. "मी दोनदा तोंड उघडलं मनातल्या मनात, आत्ता रांगेत. न्हाई निघालं. दुसरं कायबी सांगीन मी तिला. पण मी तुला हे दिलं, आसं आईच्या तोंडून कसं निघंल?"

मी ओला रुमाल पिळून पायरीवर वाळत घातला.

"सुमनताई, तुमी सांगा. अंबाक्काचं बी सांगा, बाई काय म्हणल्या ते बी समदं सांगा, काय ठिवून घिऊ नका. मग बघायला येणाऱ्यांना सांगायचं का न्हाई, ते तिचं ती ठरवंल. शालनबाईला मातर काढ्याचंच राहू द्या, तिथं वर्षालीला नांदायचंय." त्यांनी चप्पल उचलली, परत ठेवली. "मी कँटीनला गेल्यावर सांगा. मी घरात नगं. आन् मी येईन तवा मला काय इचारू नको म्हणावं तिला. नुसती जेवायला बस म्हणावं. भाकरी मी येऊन करीन."